रेफरल चिठ्ठीसाठी छातीतली कळ अंगावर काढू नका

गेल्या महिन्याभरात हा मेसेज माझ्याकडे चार-पाच ग्रुपवरून आला: ‘ज्येष्ठांच्या आरोग्य विम्यात आधी प्रायमरी केअर डॉक्टरची रेफरल चिठ्ठी घ्या. थेट स्पेशालिस्टकडे गेलात तर क्लेम नामंजूर. इमर्जन्सीतही हाच नियम. आयुष्मान कार्डालाही लागू.’ मी मिरजेतल्या एका रुग्णालयात टीपीए डेस्कवर, म्हणजे विम्याचे क्लेम बघणाऱ्या खिडकीवर बसते. या मेसेजमधलं जवळजवळ सगळं चूक आहे, आणि इमर्जन्सीचं वाक्य तर जिवावर बेतणारं आहे.

तेच आधी घेते. मागच्या आठवड्यात तासगावकडचे एक काका आले, वय ७२. शर्टाच्या खिशात प्लास्टिकच्या पिशवीत पॉलिसीचं कार्ड आणि चौघडी घातलेली चिठ्ठी. छातीत कळा आदल्या संध्याकाळपासून. रात्रभर का थांबलात, विचारलं तर काकू म्हणाल्या, “डॉक्टर परगावी गेलते, सकाळी आले. चिठ्ठीबिगर पैसं मिळत न्हाईत, मोबाइलवर आलंय की.” ईसीजी बघताच काकांना आयसीयूत हलवलं. ती चिठ्ठी कंपनीनं मागितलीच नाही. फाइलला लावायचीही गरज पडली नाही.

इमर्जन्सीत आधी दाखल व्हायचं, कंपनीला मग कळवायचं. आरोग्य संजीवनी ही सगळ्या कंपन्यांकडे सारख्याच अटींची पॉलिसी. तिच्यात कळवायला दाखल झाल्यापासून २४ तास आहेत. ठरवून करायच्या ऑपरेशनला मात्र ४८ तास आधी कळवावं लागतं. कॅशलेस असेल तर कागद आम्हीच पाठवतो, आणि विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कंपनीनं तासाभरात निर्णय द्यायचा असतो.

‘चिठ्ठीशिवाय क्लेम नामंजूर’ हा घोळ बहुधा कागदांच्या यादीतून होतो. दाखल व्हायचा सल्ला देणारं डॉक्टरचं प्रिस्क्रिप्शन त्यात असतं. पण ते फॅमिली डॉक्टरचंच हवं असं कुठं आहे? ज्या हृदयरोगतज्ज्ञांना दाखवलं, त्यांनीच ‘ॲडमिट’ लिहिलं की भागतं. नुसत्या तपासणीची फी तर बहुतेक पॉलिसींत मिळतच नाही, चिठ्ठी असो वा नसो. दाखल झालात तर त्याच आजाराचा आधीच्या ३० दिवसांतला खर्च संजीवनीत मागता येतो, म्हणून पावत्या टाकू नका. माझ्यासमोर क्लेम अडतात ते पॉलिसी घेताना बीपी-शुगर लपवल्यामुळे, किंवा जुन्या आजाराचा प्रतीक्षा काळ (पॉलिसी घेतल्यावर त्या आजाराचा खर्च मिळत नाही तो काळ) संपलेला नसल्यामुळे. फॉर्म भरताना एजंट ‘राहू द्या’ म्हणाला तरी बीपी-शुगर लिहाच.

मग हा नियम आला कुठून? मेसेजमधल्या ‘प्रायमरी केअर डॉक्टर’ या शब्दांवरून बहुधा अमेरिकेतून. तिथं ६५ नंतर मेडिकेअर हा सरकारी आरोग्य विमा मिळतो. त्यातल्या खासगी कंपन्यांच्या ॲडव्हान्टेज प्लॅनमध्ये एचएमओ नावाचा प्रकार आहे. त्यात बहुतेक वेळा स्पेशालिस्टकडे जायला ठरलेल्या डॉक्टरचं रेफरल लागतं. पीपीओ नावाच्या दुसऱ्या प्रकारात लागत नाही, सरकारी मूळ मेडिकेअरमध्येही नाही. आणि इमर्जन्सीला तर एचएमओतही लागत नाही!

आयुष्मानचं म्हणाल तर ऑक्टोबर २०२४ पासून ७० आणि त्यावरच्या वयाच्या प्रत्येकाला, उत्पन्न न बघता, कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात कार्ड घेऊन थेट आरोग्यमित्राला, म्हणजे तिथल्या योजनेच्या मदतनिसाला भेटा. फक्त ते रुग्णालय आणि तो उपचार योजनेत आहे ना, हे १४५५५ या हेल्पलाइनवर आधी विचारा.

मेसेज काही अंशी खरा ठरतो तो माजी सैनिकांच्या ईसीएचएस या आरोग्य योजनेसारख्या ठिकाणी. ईसीएचएस हा विमा नव्हे, पण तिथं ठरवून घ्यायच्या उपचाराला साधारणपणे योजनेच्या दवाखान्याचं, म्हणजे पॉलिक्लिनिकचं रेफरल लागतं. आपल्या भागात फौजी घरं पुष्कळ आहेत, त्यांनी ते जरूर घ्यावं. इमर्जन्सीत मात्र त्यांनाही पॅनलवरच्या रुग्णालयात थेट दाखल होता येतं.

विमा कंपनीनं चिठ्ठीचं कारण पुढं केलंच तर नकार लेखी मागा, पॉलिसीतलं कलम विचारा. तक्रार करूनही कंपनी दाद देत नसेल तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येतं. तिथं एक रुपयाही फी नाही, वकीलही लागत नाही.