शीग लावून का सपाट?

पोरीचा दहावा वाढदिवस ऐन कापूस वेचणीत आला आणि बायको नेमकी बहिणीच्या बाळंतपणाला आर्वीला गेलेली. म्हणजे केक माझ्या गळ्यात. पोरीनं मोबाइलवर एका अमेरिकन बाईची कृती काढून दिली: २ कप मैदा, १ कप साखर, १ स्टिक बटर. स्टिक म्हणजे काडीएवढं काहीतरी, असं समजून मी निश्चिंत होतो. ती ११३ ग्रॅमची निघाली. आमच्या दुकानात पाकीट १०० ग्रॅमचं. उरलेल्या १३ ग्रॅमच्या जागी घरचं तूप घातलं. अमेरिकेला कळवायचं कारण नाही.

खरा घोळ कपाचा. आमच्याकडे कप म्हणजे चहाचा, तोही कान तुटलेला. पाहुणा आला तर तो काठोकाठ भरतो, वसुलीवाला आला तर अर्धा. त्या बाईचा कप साधारण २४० मिलीचा. तो मोजायचा कशानं? घरात मिलीचं खात्रीचं माप एकच, फवारणीच्या औषधाचं. ते उंबऱ्याच्या आत आणायची आमच्या घरी कुणाची टाप नाही, आणि आणूही नये.

वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. त्यामुळे गावात १८० मिलीची बाटली शोधायला मला चक्क चार मिनिटं लागली. आत्याबाईकडे तिच्यात जवसाचं तेल होतं. ते वाटीत उतरवून बाटली गरम पाण्यानं तीनदा धुतली. पण १८० म्हणजे नेमकं कुठवर? "मानेच्या बुडापर्यंत," कुंपणापलीकडून एक अनुभवी आवाज आला. वर खोकल्याच्या औषधाचं १५ मिलीचं झाकण चार वेळा. झाले २४०. ते पाणी घरातल्या एकेका भांड्यात ओतून पाहिलं, तेव्हा मायच्या लग्नातला पितळी पेला काठाला काठ भरला.

गड जिंकला म्हणावं, तर पोरीला दुसरी कृती सापडली, ती सगळी ग्रॅममध्ये. "बाबा, ताळा करून पाहा नं." कापूस मोजायचा लटकता काटा काढला, पेलाभर मैद्यानं त्याची सुई जागची हलली नाही. शेवटी पेला पिशवीत घालून किराणा दुकान गाठलं. पेल्याचं वजन वजा करून मोजणी सुरू झाली. पेला मैद्यात खुपसून भरला तर १४८ ग्रॅम. चमच्यानं अलगद भरून वरून सुरी फिरवली तर १२३. साखर भरली, २०१.

"भाऊ, तुमाले घ्याचं काय हाये?" दुकानदार म्हणाला.

"सोनं मोजून राहिला तो," मागचा म्हातारा म्हणाला.

एकच पेला आणि तीन वजनं! काट्यात खोट आहे अशी खात्री करून घरी आलो. माय ओसरीत तांदूळ पाखडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"काहून रे, पायलीभर गहू अन् पायलीभर सरकी एका वजनाची भरते काय? क्विंटलभर गहू पोत्यात मावते, तेवढ्याच कापसाले खोली लागते. कास्तकाराच्या घरी जनमला नं तू?"

मी गप्प.

"अन् मैदा भरला कसा? शीग लावून का सपाट?"

हा प्रश्न ऐकून मला त्या अमेरिकन बाईची दया आली. दोन कपांत पन्नास ग्रॅमचा फरक कुठून येतो, ते मायनं तांदळावरची नजर न काढता सांगितलं होतं. वर म्हणाली, "तुह्या आज्याच्या दोन पायल्या होत्या. घ्याची येगळी, द्याची येगळी."

मैदा सपाट घेतला. कढईत मिठाचा थर, वर झाकण, पाऊण तास. केक मधोमध बोंडासारखा फुटला, पण पोरांनी भेगेसकट संपवला.

दुसऱ्या दिवशी शेजारीण पेलाभर साखर मागायला आली. मायनं तोच पितळी पेला भरला, वरून तळहात फिरवून सपाट केला, आणि मग एक चिमूट डब्यात परत टाकली.