थर्मोस्टॅट काढला की गाडी तापत नाही?

सातारा-सांगलीच्या पिकअपवाल्यांच्या व्हॉट्सअॅपवर एक मेसेज जोरात फिरतोय: ‘जुनी पिकअप घाटात तापते? थर्मोस्टॅट वॉल काढून फेका. कुलंटवर पैसे घालवू नका, बोअरचं पाणी भरा. तरी तापलीच, तर झाकण उघडून गार पाणी ओता. कंपनीवाले हे सांगणार नाहीत.’ सांगत नाहीत हे बरंच आहे.

वॉलचं, म्हणजे इंजिन तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणाऱ्या झडपेचं, आधी बघू, कारण त्यात थोडं खरं आहे. वॉल बंद अवस्थेत अडकला तर पाणी रेडिएटरकडे जातच नाही आणि तापमानाचा काटा लालात जातो. तो काढला की गाडी लगेच सुधारते, मिस्त्रीचं नाव होतं. पण अडकलेला वॉल बदलायचा असतो. बऱ्याच इंजिनांत तो दुहेरी काम करतो: गरम झाल्यावर रेडिएटरची वाट उघडतो आणि बायपासची बंद करतो. तो काढला की बायपास कायमचा उघडा, म्हणजे बरंचसं पाणी रेडिएटरला न भेटताच परत इंजिनात. रिकामी गाडी सपाटीला छान पळते आणि भरून पसरणी घाटाला लागली की काटा चढतो. एरवी, थंडीत सकाळी, इंजिन धड तापतच नाही. असं डिझेल इंजिन धूर काढतं, अॅव्हरेज पाडतं आणि सिलिंडरचे लायनर आणि पिस्टनच्या रिंगा लवकर खातं.

(मेसेज खोडून काढणारेही कधी कधी लिहितात, ‘वॉल नसला की पाणी इतकं जोरात फिरतं की गार व्हायला वेळच मिळत नाही.’ हेही चूकच. जोरात फिरण्याने काही बिघडत नाही, पाणी भलत्या वाटेने जातं म्हणून बिघडतं.)

वॉलवर शंका असेल तर जुन्या पातेल्यात पाणी तापवा, वॉल दोऱ्याने टांगा, बुडाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर सोडा. ८२ अंश छापलेला वॉल त्याच्या आसपास उघडायला लागला पाहिजे आणि पाणी उकळायच्या बेताला पूर्ण उघडा दिसला पाहिजे. नाही दिसला तर नवा टाका.

पण खरा प्रश्न मेसेजमध्ये कुणी विचारतच नाही: गाडी तापते कधी? उभ्या गाडीत, बाजारच्या गर्दीत तापते आणि रस्त्याला लागली की उतरते, तर हवा कमी पडतेय. फॅनचा बेल्ट सैल असेल नाहीतर फॅनला फिरवणारा जोड, म्हणजे विस्कस कपलिंग, गेलं असेल. चढाला, लोडला तापते, तर आधी रेडिएटर बघा. ऊसतोडीच्या हंगामात जाळीत पाचट आणि धूळ इतकी गच्च बसते की आरपार उजेड दिसत नाही. इंजिनच्या बाजूने बाहेर, साध्या धारेने धुवा. वॉशिंगचं प्रेशर जवळून मारलं तर जाळीच्या बारीक पात्या आडव्या होतात. मग गाडी तापवून बंद करा, फॅन थांबू द्या आणि रेडिएटरच्या जाळीजवळून हात फिरवा. मध्येच गार पट्टा लागला तर तिथल्या नळ्या बुजल्यात.

आणि बुजतात कशाने? बोअरच्या पाण्याने. कृष्णाकाठची क्षारपड रानं ज्यांनी पाहिलीत त्यांना वेगळं सांगायला नको. अशा पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार नळ्यांत आणि सिलिंडरभोवती थर धरतात आणि उष्णता अडवतात. ‘कुलंट बर्फाच्या मुलखासाठी असतं’ असं काहीजण म्हणतात, तेही अर्धवट. ते गंज रोखतं आणि पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवतं. डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं, किंवा डब्यावर लिहिलंय तसं घाला.

झाकण उघडण्याचा सल्ला तर जिवावरचा आहे. रेडिएटरचं झाकण कुकरसारखं दाब धरून ठेवतं. ०.९ बारचं झाकण असेल तर आतलं साधं पाणीही सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. तेच उघड्यावर पाचगणीला, साधारण १,३०० मीटर उंचीवर, ९६ च्या आसपास उकळतं. तापलेलं झाकण फिरवलं की उकळतं पाणी आणि वाफ एकदम तोंडावर येते. त्यात गार पाणी ओतलं तर हेडला, म्हणजे सिलिंडरच्या डोक्यावरच्या भागाला, तडा जाऊ शकतो. त्यापेक्षा काटा चढताना दिसला की हीटर पूर्ण चालू करा, बाजूला घ्या. पाणी गळत असेल किंवा काटा उतरेना, तर इंजिन बंद. अर्धा-पाऊण तास तरी झाकणाला हात नको.

बाहेर थेंब गळत नाही तरी पाणी रोज कमी होतंय? थंड इंजिन झाकण काढून चालू करा. तोंडाशी सतत बुडबुडे आले, किंवा ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय दिसली, तर हेड गॅस्केटवर, म्हणजे हेड आणि इंजिनच्या मधल्या पॅकिंगवर, संशय घ्या. हेड उतरवलं की सरळपट्टी लावून बघायला सांगा. वाकलेलं असेल तर फेसिंग करून, म्हणजे घासून सपाट करूनच, नवं गॅस्केट बसवा, नाहीतर तेही जाणार.