फेस पेंटिंगवाल्या ताई

परवा एक फोन आला. एका बागेत शनिवार-रविवार कलामहोत्सव आहे, याल का म्हणून. कुठली बाग, कोणाचा महोत्सव ते इथे सांगत नाही. माणसं वाईट नव्हती.

"मॅडम, यंदा आम्ही सगळ्या महिला कलाकारच घेतोय." पलीकडचा मुलगा भलताच उत्साहात होता.

"अरे वा. मी काय करायचंय?"

"फेस पेंटिंग. नाहीतर मग छोट्यांचं क्राफ्ट. तुम्ही शिकवता ना, तुम्हाला मुलांची सवय असेल."

"आणि स्टेजवर?"

"स्टेजवर लाइव्ह पेंटिंग आहे. ते सर करणारेत."

सगळ्या महिलांमध्ये हे सर कुठून आले, ते विचारायचं राहून गेलं. मानधनाचं मात्र विचारलं. तर म्हणाला, मानधन असं नाही, पण स्टॉल फुकट आणि बॅनरवर नाव.

पंचवीस वर्षं झाली मला चित्रं काढायला लागून. वाघ, फुलपाखरू आणि स्पायडरमॅन मी कोणाच्याही गालावर अर्ध्या झोपेत काढू शकते. स्पायडरमॅनचं जाळं तर चार मिनिटांत. पण "विचार करून सांगते" म्हणून फोन ठेवला आणि दिवसभर भांडी आपटत फिरले. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, आधीच सांगते.

फेस पेंटिंगशी माझं भांडण नाही. मुलं आरशात बघून जे काही चेहरे करतात ते पाहण्यासारखं असतं. भांडण याचं आहे की बागेतला कलेचा कार्यक्रम म्हटला की बाईच्या वाट्याला ठरलेल्या चार गोष्टी येतात: फेस पेंटिंग, मेंदी, रांगोळी, मुलांचं क्राफ्ट. थोडक्यात, घरी जे करता तेच इथे या आणि झाडाखाली करा. मोठा कॅनव्हास, भिंत, स्टेज, चर्चासत्रातली मधली खुर्ची, या जागा आधीच भरलेल्या असतात. मार्चमधला महिला दिनाचा आठवडा सोडून.

आता मुंबईतल्या राणीच्या बागेबद्दल. ती माझी बाग. मी लालबागच्या चाळीत वाढले, वडील गिरणीत. रविवारी ते आम्हा भावंडांना राणीच्या बागेत न्यायचे. हत्तीवरची चक्कर, पिंजऱ्यापुढे दाणे, येताना बर्फाचा गोळा. या सगळ्या आठवणींत आई कुठेच नाही. एकदाही नाही. रविवारी मटण असायचं, धुण्याचा डोंगर असायचा, आणि आम्ही सगळे बाहेर गेल्यावर तिला म्हणे जरा मोकळं वाटायचं. मोकळं म्हणजे घर पुसायला मोकळं.

गंमत बघा. बाग १८६२ साली उघडली ती तेव्हाच्या गव्हर्नरांच्या पत्नी लेडी फ्रियर यांच्या हस्ते. नाव होतं व्हिक्टोरिया राणीचं. आता आहे वीरमाता जिजाबाईंचं. म्हणजे उघडणारी बाई, आधीचं नाव बाईचं, नंतरचंही बाईचं. आणि माझी आई शेजारच्या लालबागेत राहून तिथे आली नाही.

आणि मुळात हा रविवार आला कुठून? तो आपल्याला याच भागातल्या कामगारांनी मिळवून दिला. नारायण मेघाजी लोखंडे, जोतिराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु' हे वृत्तपत्र चालवणारे. १८८४ पासून ते गिरणी कामगारांसाठी आठवड्यातून एक दिवस सुट्टी मागत होते. १८९० च्या एप्रिलमध्ये मुंबईत दहा हजार कामगारांची सभा भरली, आणि त्या सभेत दोन कामगार बायकाही बोलायला उभ्या राहिल्या. डोळ्यांपुढे आणून बघा. लाऊडस्पीकर नाही, समोर दहा हजार माणसं, आणि त्या दोघी सांगताहेत की आम्हाला एक दिवस हवा. १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मान्य झाली. लोखंड्यांचं नाव आपण घेतो, घ्यायलाच हवं. त्या मात्र 'दोन स्त्रिया' एवढ्याच उरल्या. त्यांनी मागितलेला रविवार त्यांच्याच घरात कोणाला मिळाला असेल, हे मी माझ्या आईवरून ओळखते.

म्हणून 'वीकेंड आर्ट प्रोग्रॅम' हे शब्द ऐकले की मला पहिला प्रश्न पडतो तो वीकेंड कोणाचा, हा. रविवार सकाळ दहा ते बारा ही वेळ ज्याने कोणी ठरवली असेल, त्याच्या घरी त्या वेळी नाश्ता आयता मिळत असणार.

बागेत दहा वाजता पोचणारी कलाकार बाई किती वाजता उठली असेल, विचारा. मी विचारते. आमच्यातली एक जण शिल्पं करते, अप्रतिम करते. ती रविवारच्या कार्यक्रमाला यायचं म्हणजे शनिवारी रात्रीच पोळ्यांची कणीक मळून ठेवते. स्टेजवरच्या सरांनी कणीक मळली होती का, असं मला एकदा खरंच विचारायचंय. माइकवर.

बरं, मोठं काम बायकांना झेपत नाही म्हणावं, तर राणीच्या बागेच्या आवारातच त्याचं उत्तर टांगलं गेलं होतं. अक्षरशः टांगलं होतं. आवारात भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, १८७२ सालचं, मुंबईतलं सगळ्यात जुनं. २०१३ साली कलाकार रीना सैनी कल्लाट यांनी त्याच्या दर्शनी भागावर एक अवाढव्य कोळ्याचं जाळं चढवलं. जाळं कशाचं? रबरी शिक्क्यांचं. आणि प्रत्येक शिक्क्यावर मुंबईतल्या एखाद्या रस्त्याचं जुनं, आता बदललेलं नाव. सरकारी कचेरीतला शिक्का, जो मारला की नाव पक्कं होतं, त्याच शिक्क्यांवर पुसली गेलेली नावं, आणि वर अडगळीच्या खोलीत असतं तसं जाळं. मी तिकडे सापांचं घर बघायला जाणाऱ्या एका कुटुंबामागे चालले होते. त्यातले आजोबा थांबले, मान वर करून म्हणाले, "साफ करत नाहीत वाटतं." आणि मग दहा मिनिटं वाचत उभे राहिले. लॅमिंग्टन रोड कुठला, कोणाचा, नातवाला सांगत. तिकीट काढून गॅलरीत शिरणारा माणूस नव्हता तो. बागेत आला होता, वाटेत कला भेटली. बागेतल्या कलेचं बळ ते हेच, ती न शोधणाऱ्यालाही सापडते.

म्हणजे जाळं रीनाताईंनीही केलं, मीही करते. त्यांचं इमारतीवर, माझं स्पायडरमॅनच्या गालावर. माझी आणि त्यांची पायरी एक आहे असा माझा दावा नाही. पण इमारत कोणीतरी दिली, तेव्हा ते जाळं झालं, एवढंच म्हणतेय.

'फक्त महिला' या लेबलाचंही सांगते. चित्रकार नलिनी मलानी १९७९ साली न्यूयॉर्कमध्ये बायकांनी बायकांसाठी चालवलेली एक गॅलरी बघून आल्या. तसं काहीतरी इथे करावं म्हणून त्या मागे लागल्या, आणि प्रत्यक्षात यायला १९८७ उजाडलं. नलिनी मलानी, अर्पिता सिंग, नीलिमा शेख, माधवी पारेख, चौघींची प्रदर्शनं १९८९ पर्यंत वेगवेगळ्या शहरांत झाली. चौघींनी आपणहून ठरवलं, आपलं गंभीर काम मांडलं. बॅनरवर गुलाबी रंग हवा म्हणून आठ जणींना गालाला रंग लावायला बसवणं, यालाही 'महिला कलाकार विशेष' म्हणतात आणि त्यालाही. शब्द बिचारा काय करणार.

त्यातल्या माधवी पारेख यांचं मला फार जवळचं वाटतं. गुजरातमधल्या खेड्यात वाढलेल्या, कलाशाळेत न गेलेल्या, लग्नानंतर, पहिलं मूल पोटात असताना चित्रं काढायला लागलेल्या. गावाकडच्या रांगोळ्या, सणवार, सगळं त्यांच्या चित्रांत येतं.

रांगोळीवरून आठवलं, आणि खरं तर ही पोस्ट मी याच्यासाठीच लिहायला घेतली होती.

काही वर्षांपूर्वी मी राणीच्या बागेत मुलांसाठी झाडांची चित्रं काढायची कार्यशाळा घेतली. रविवार, सकाळी दहा. बावीस मुलं. ती बाग प्राण्यांमुळे ओळखली जाते, आणि पेंग्विन आल्यापासून तर गेटातून सगळे तिकडेच पळतात, पण तिथली खरी श्रीमंती झाडांची आहे. उर्वशी आहे, कैलासपती आहे, आफ्रिकेतून आलेली गोरखचिंच आहे, हत्तीच्या पायासारख्या बुंध्याची. २००७ च्या सुमारास प्राणिसंग्रहालयाचा मोठा कायापालट व्हायचा घाट घातला गेला, तेव्हा या झाडांसाठी शुभदा निखार्गे, हुतोक्षी रुस्तमफ्राम आणि त्यांच्या सोबतिणी वर्षानुवर्षं भांडल्या. एकेक झाड नोंदवत. आपण सावलीत बसून चित्रं काढतो, त्यात त्यांचा वाटा आहे.

तर मुलं काढत होती, आणि मागे त्यांच्या आया उभ्या. प्रत्येकीच्या हातात पाण्याची बाटली, मुलाची बॅग, खांद्यावर स्वतःची पर्स. मी म्हटलं, तुम्ही पण काढा. झालं, एका सुरात हसल्या. "आम्हाला कुठे येतं!"

पाच मिनिटांनी एक जण जवळ आली. पिवळी ओढणी. "ताई, एक कागद मिळेल? बसायला." जमीन ओली होती. मी कागद दिला. ती बसली नाही. म्हणजे बसली, पण बाटली-बॅग कागदाच्या जागी आणि कागद मांडीवर. मुलाच्या डब्यातला खडू उचलला आणि आधी ठिपके घातले. ओळीत, मोजून, ओठ हलवत. ठिपक्यांच्या रांगोळीसारखे. मग त्या ठिपक्यांतून रेषा ओढत तिने गोरखचिंच काढली. बुंधा फुगीर, फांद्या आखूड, वर चार-सहा पानं. पंचवीस वर्षांत मी ते झाड डझनभर वेळा काढलंय. माझ्या एकाही चित्रात झाड इतकं जड बसलेलं नाही. ठिपक्यांनी त्याला जमिनीला खिळवून टाकलं होतं.

मी काही बोलणार इतक्यात तिचा फोन वाजला. घरी मटण आलं होतं. कागदाची घडी घालून पर्समध्ये टाकली, मुलाला उठवलं. मुलाचं चित्र मात्र गुंडाळी करून, चुरगळू नये म्हणून हातात धरलं.

जाता जाता म्हणाली, "दुपारी नाही का ठेवत तुम्ही? तीनला? जेवणं आवरली की पाचच्या चहापर्यंत आम्हाला कोणी विचारत नाही."

इतक्या वर्षांत हे मला सुचलं नव्हतं. मला! कणीक मळून येणारीला!

आणखी एक बारीक गोष्ट. २०१७ साली राणीच्या बागेचं तिकीट मोठ्या माणसाला ५ रुपयांचं ५० झालं, आणि आईबाप नि दोन मुलं मिळून आले तर १०० ठेवलं. तिकीट वाढवण्याला माझी हरकत नाही, बाग चालवायला पैसे लागतात. पण हिशोब बघा. नवरा-मुलांसोबत आली तर बाई पंचवीस रुपयांत. एकटी, वही-पेन्सिल घेऊन आली तर पन्नास. असं काही कोणी मुद्दाम केलं नसणार. बागेत बाई एकटी आणि बिनकामाची येऊ शकते, हे डोक्यातच नसतं, एवढंच. आणि आलीच तर बाकावर बसून चित्र काढताना दर दहा मिनिटांनी कोणीतरी येऊन विचारतं, "कोणाची वाट बघताय?" ज्या बायका स्केचिंग करतात त्यांनी कमेंटमध्ये हात वर करा, किती जणींना विचारलंय. (आणि स्वच्छतागृहांबद्दल मी वेगळी पोस्ट लिहीन. या पोस्टमध्ये मावणार नाही तो विषय.)

तर आज सकाळी त्या मुलाला मीच फोन केला. म्हटलं, येते मी. पण दुपारी तीन ते पाच. कार्यशाळा मुलांची नाही, आयांची. ज्यांना चित्र 'येत नाही' त्यांचीच. बागेतली जी सगळ्यात मोठी कोरी भिंत असेल, ती आम्हाला द्या. त्या ठिपके घालतील, मी रंग मिसळीन. आणि मानधन स्टेजवरच्या सरांना जितकं, तितकंच.

"पण मॅडम," तो खरोखर काळजीत पडला, "आया तिकडे बसल्या तर मुलं कोण सांभाळणार?"

"सर आहेत की," मी म्हटलं. "फेस पेंटिंग करतील. स्पायडरमॅन मी शिकवते त्यांना, चार मिनिटांचं काम आहे."

विचारून सांगतो म्हणालाय.