चेपलेल्या पैशाला ‘एरर’ म्हणू नका!

कालपासून डोकं फिरलंय. भुसावळहून मामा आले आणि टेकायच्या आधीच खिशातून प्लास्टिकच्या पुडीतला पाव आणा, म्हणजे जुना पैसा, काढला. पंचम जॉर्ज, 1919. “ब्रॉकेज शे,” म्हणाले, म्हणजे टाकसाळीतच चुकीचं छापलं गेलेलं, ‘एरर’ नाणं. आठवडे बाजारात तीन हजारांना घेतलेला! मोबाइलवरच्या कुणा दीडशहाण्यानं त्याचे पाच लाख येतील म्हणून सांगितलेलं.

भिंग लावलं. एका बाजूला राजाचं नाक-दाढी सपाट. दुसऱ्या बाजूला राजाचाच उलटा, खोल ठसा, आणि त्या ठशाखालून ‘क्वार्टर ॲना’ची अक्षरं अर्धवट डोकावतायत. अहो, आधीचं नाणं साच्याला चिकटून राहतं आणि पुढची कोरी चकती त्या नाण्यावरच दाबली जाते, तेव्हा ब्रॉकेज होतं. त्या बाजूला साचा पोहोचतच नाही, मग ‘क्वार्टर ॲना’ उमटलं कुठून? दोन पैसे एकावर एक ठेवून वाइसमध्ये, लोखंडी पकडीत, आवळलेत, दुसरं काही नाही. एक चांगला पैसा नासवला आणि म्हाताऱ्या माणसाला लुबाडलं.

हे सगळं मामांना नीट दाखवलं. तर मलाच म्हणतात, “तुले फुकटमा लाटनं शे, म्हनीसन असं बोली ऱ्हायना तू!”

मला! वीस वर्षं पदरचे पैसे घालून नाणी जमवतोय, भाच्याच्या नात्यानं कुणाचा पैसाही कधी घेतला नाही, आणि मी लाटणारा. बाजारातला तो भामटा मात्र खरा.

त्या व्हिडिओवाल्यांचा तर मला मनापासून संताप येतो. हैदराबाद टाकसाळीची खूण असलेला तारा दाखवून ‘चुकून पडलेला तारा’ म्हणतात. कोलकाता टाकसाळीच्या नाण्यावर खूण नसतेच, तर ‘खूण मारायची राहिलेलं दुर्मिळ नाणं’ म्हणतात. आधी नोंदणीचे पैसे भरा, मग लाखो घ्या. रिझर्व्ह बँकेनं 2021 मध्येच सांगितलंय की तिच्या नावानं जुन्या नाण्यांसाठी कुणी शुल्क मागितलं तर ती फसवणूक आहे. ऐकतंय कोण?

कडा कानशीनं घासून ‘कट एरर’ विकणारे तसलेच. पत्र्यातून चकती पाडताना ठोकणी आधीच्या भोकावर पडली तर कड चंद्रकोरीसारखी कापली जाते, आणि बहुतेक वेळा बरोबर समोरच्या बाजूची कडही नीट उठत नाही. खरं-खोटं तिथंच कळतं, पण ती बाजू कुणी बघतच नाही. नाण्यावरचा ठसा मधून बाजूला सरकलेला असेल तर किती सरकलाय आणि सन वाचता येतंय का, यावर किंमत ठरते. केसभर सरकला तर त्याला कुणी विचारत नाही.

आणि घासणं! वडिलांनी ठेवलेला 1944 चा भोकाचा पैसा होता माझ्याकडे, भोक चांगलंच एका बाजूला गेलेलं, ऐंशी वर्षांचा काळपट-तपकिरी रंग चढलेला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आत्या आली, देवघरातली भांडी घासताना त्यालाही चिंच लावून लख्ख केला. भोक अजून बाजूलाच आहे, पण तो रंग गेला तो गेलाच. कुठलाही जाणकार आता निम्मेही पैसे देणार नाही. आत्याला बोलताही येत नाही, तिनं मायेनंच केलं. तरी त्या पैशाकडे बघितलं की आजही पोटात कालवतं.

मामा रात्रीच्या गाडीनं परत गेले, न जेवता. पैसाही घेऊन गेले. पुढच्या आठवडे बाजाराला मीच भुसावळला जाणार आहे, भिंग घेऊन, मामांना सोबत घेऊन. बघू तो माणूस तिथं बसतो का.