बांबूचे बी पाच वर्षे झोपून राहत नाही

मुंबईतील गृहसंकुलांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरत असतो. बांबूचे बी पेरल्यावर पाच वर्षे जमिनीवर काहीच दिसत नाही आणि मग सहा आठवड्यांत तो ९० फूट वाढतो. बी नसेल तर कोणताही तुकडा खोचावा, तो लागतोच. मात्र भिंतीजवळ लावू नये, कारण मुळे इमारतीचा पाया पोखरतात. यातील पहिले विधान संयमाचे धडे देणाऱ्या वक्त्यांचे विशेष लाडके आहे, आणि तेच सर्वांत चुकीचे आहे.

आपल्या पानझडी वनांत रानटी वाढणारी मानवेल ही बांबूची जात गवताच्याच कुळातील आहे. तिचे ताजे बी ओलसर मातीत साधारण एक-दोन आठवड्यांत उगवते आणि पहिली काडी गव्हाच्या रोपासारखी दिसते. त्यानंतर जमिनीखालील कंद जसजसा पोसत जातो, तसतशा दर पावसाळ्यात आधीपेक्षा जाड व उंच काठ्या वर येतात. कोंब बाहेर पडतो तो आपली जाडी घेऊनच, आणि काही महिन्यांत पूर्ण उंची गाठतो. म्हणजे संदेशातील वेग जुन्या बेटातील, म्हणजे काठ्यांच्या जुन्या झुबक्यातील, एखाद्या काठीचा आहे, रोपाचा नव्हे. शिवाय मानवेल बहुधा ८ ते १६ मीटरच वाढते, ९० फूट नव्हे. कुंडीत वर्षभर काहीच उगवले नसेल, तर ते बी मेलेले आहे असे समजावे, कारण साध्या साठवणीत त्याची उगवणशक्ती लवकर घटते.

तुकड्याचा भ्रम बहुधा पाण्याच्या पेल्यात ठेवल्या जाणाऱ्या ‘लकी बांबू’मुळे पसरला असावा, ती वनस्पती बांबू नव्हेच. बागांतील पिवळा बांबू छाटकलमाने, म्हणजे काठीचा तुकडा खोचून, सहज लागतो, पण मानवेलीची छाटकलमे पुष्कळदा वाया जातात. त्यापेक्षा वर्षभराच्या काठीचा कंद मुळांसह खणून, वरची काठी मीटरभर ठेवून छाटून, पावसाच्या तोंडावर लावणे खात्रीचे. येथे एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही: असे रोप आईचेच वय घेऊन येते. मानवेलीची बेटे कित्येक दशकांनी एकदम फुलतात आणि बी धरून मरतात. आई-बेट फुलोऱ्याला टेकलेले असेल, तर नवे रोपही तिच्याबरोबर फुलून जाते. दीर्घकाळ टिकणारे बेट हवे असेल, तर ताज्या बियांची रोपेच घ्यावीत.

पाया पोखरण्याची भीती चीन-जपानकडील धावत्या, म्हणजे जमिनीखाली दूरवर पसरत जाणाऱ्या, कंदांच्या जातींवरून आली असावी. मानवेल बेट करून राहते आणि तिची मुळे तंतुमय असतात. मात्र बेट बाहेरच्या बाजूने रुंदावत जाते, म्हणून कुंपणाच्या भिंतीपासून दोन-तीन मीटर जागा सोडावी.