शॅल, शुड आणि आमची सोसायटी

सोसायटीच्या नोटिसा यापुढे इंग्रजीतही लावायच्या, असा ठराव झाला आणि कमिटीच्या बैठकी लांबायला लागल्या. ठराव तसा रास्तच होता. बी विंगमधले निम्मे भाडेकरू बाहेरच्या राज्यांतले, मराठी नोटीस म्हणजे त्यांच्या लेखी भिंतीवरची नक्षी. मी पूर्वी कंपनीत पत्रव्यवहार बघायचो, म्हणून मसुद्याचं काम माझ्या गळ्यात पडलं.

पहिली नोटीस साधी होती. पिण्याच्या पाण्याने गाड्या धुऊ नयेत. मराठीत 'धुऊ नयेत' म्हटलं की विषय संपतो. कमिटीला किती राग आलाय, ते ज्याचं त्याने ओळखायचं. इंग्रजीत तो राग आधी मोजावा लागतो आणि मग त्या मापाचं क्रियापद शोधावं लागतं. चेअरमन सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, त्यांना 'शॅल नॉट'च हवं. खजिनदार 'मस्ट नॉट'वर अडून बसले. सेक्रेटरीबाई नव्यानेच निवडून आलेल्या, त्यांना सगळ्यांशी गोड राहायचं होतं, त्या म्हणाल्या, "शुड नॉट पुरे की हो." चौथ्या मजल्यावरच्या सभासदांनी 'मे नॉट' सुचवलं. ते स्वतः रोज सकाळी नळी लावून गाडी धुतात. 'मे नॉट'चा अर्थ मनाई असाही होतो आणि 'कदाचित धुणार नाहीत' असाही होतो, हे त्यांना पक्कं ठाऊक असावं.

शेवटी वकीलसाहेबांना वर बोलावलं. त्यांनी थेट राज्यघटनाच काढली. कलम 52 : 'देअर शॅल बी अ प्रेसिडेंट ऑफ इंडिया.' "राष्ट्रपती असला तर बरं, असं म्हटलंय का? असलाच पाहिजे!" चेअरमनची छाती फुगली. तेवढ्यात वकीलसाहेबांनी चहाचा घोट घेऊन पुढचं सांगितलं. कायद्यातला 'मे' संदर्भ पाहून कोर्ट कधी 'शॅल'सारखा सक्तीचा धरतं, आणि 'शॅल' नुसता मार्गदर्शक आहे असंही कधी ठरवतं. म्हणजे आम्ही तासभर ज्यावर भांडत होतो, त्याचा अर्थ शेवटी कोर्टच लावणार. मग आम्ही भांडायचं कशाला, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

या भानगडीच्या मुळाशी कोण, म्हणून मी वाचत बसलो. 'शॅल' कुठे आणि 'विल' कुठे, याचा नियम जॉन वॉलिस नावाच्या इंग्रज गणितज्ञाने 1653 साली छापला. 'मी'बरोबर शॅल आलं तर नुसतं भविष्य, विल आलं तर वचन किंवा धमकी. 'तू' आणि 'तो' यांच्या बाबतीत सगळं उलटं. इंग्रजीचं हे व्याकरण त्याने लिहिलं लॅटिनमध्ये. हा गृहस्थ इंग्लंडमधल्या यादवी युद्धात शत्रूची सांकेतिक पत्रं फोडून द्यायचा. फोडून फोडून कंटाळा आल्यावर एखादं कोडं आपणही घालावंसं वाटलं असेल! दोन वर्षांनी त्यानेच अनंताचं चिन्ह छापलं. या नियमावरचे वाद किती काळ चालतील, याचा अंदाज त्याला आला असावा.

घरी मुलीला विचारलं. तिची दहावी आहे. ती मान वर न करता म्हणाली, "शुड म्हणजे ॲडव्हाइस, मस्ट म्हणजे ऑब्लिगेशन, मे म्हणजे परमिशन."

"अगं, पण मे म्हणजे शक्यतापण ना?"

"बाबा, प्रश्नात काय विचारलंय ते बघायचं आणि मार्क घ्यायचा."

शक्यतेचा मार्क आम्हाला लगेच मिळाला. टाकी साफ करायची होती, म्हणून सेक्रेटरीबाईंनी परस्पर नोटीस लावली : 'रेसिडेंट्स मे नॉट गेट वॉटर टुमारो.' उद्या कदाचित पाणी येणार नाही, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. पहिल्या मजल्यावरचे आजोबा, जुन्या मॅट्रिकचे, काठी टेकत ऑफिसात आले. "आम्हाला पाणी घ्यायला बंदी करणारे तुम्ही कोण?" व्याकरणाच्या दृष्टीने त्यांचं काही चुकलं नव्हतं. बाईंनी त्यांना पाणी दिलं. प्यायला.

पण कडी केली खजिनदारांनी. मेंटेनन्सची थकबाकी वाढली होती. 'दहा तारखेच्या आत भरायलाच हवा होता' असं त्यांना ठणकावून लिहायचं होतं. आता 'मस्ट'ला स्वतःचा भूतकाळ नाही. तिथे 'हॅड टू'ला बोलवावं लागतं. खजिनदारांनी मात्र 'मस्ट'लाच मागे ओढलं आणि लाल अक्षरांत नोटीस लावली : 'ऑल मेंबर्स मस्ट हॅव पेड बाय द टेन्थ.' इंग्रजीत याचा अर्थ, सगळ्यांनी दहा तारखेपर्यंत भरलाच असणार! सोसायटीच्या इतिहासात थकबाकीदारांवर इतका विश्वास कुणी दाखवला नव्हता. दोघांनी तर आभाराचे मेसेज पाठवले.

नोटीस उतरवून दुसरी लावली, तिच्यात एकही असलं क्रियापद ठेवलं नाही. नुसता आकडा, फ्लॅट नंबर आणि तारीख. त्यावर सातव्या मजल्यावरून इंग्रजीत ईमेल आली : 'आय वुड हॅव पेड.' म्हणजे 'मी भरला असता'. पुढे मागे काही नाही.

खजिनदार ती ईमेल छापून माझ्याकडे घेऊन आले. चष्मा कपाळावर, वही उघडी, पेनाचं टोपण दातात.

"हे 'वुड हॅव' जमेत धरायचं की येण्यात, तेवढं सांगा. ऑडिटर उद्या येतोय."