आधी अपडेट, मग हायपर-थ्रेडिंग

हायपर-थ्रेडिंग म्हणजे प्रोसेसरच्या एकाच कोअरवर (गणना करणाऱ्या भागावर) एकाच वेळी दोन कामं, म्हणजे थ्रेड, चालवणं. सुरक्षेसाठी घरच्या प्रत्येक पीसीवर ते बंद करा, हा एका लेखात वाचलेला सल्ला मला पटला नाही. धोका खरा आहे. एकाच कोअरवरचे दोन थ्रेड कॅश आणि आतले बफर (प्रोसेसरमधल्या तात्पुरत्या साठवणीच्या जागा) वाटून घेतात, म्हणून एकाला दुसऱ्याचं गुपित हेरता येतं. संगणक-सुरक्षेचे संशोधक कॉलिन पर्सिव्हल यांनी हे २००५ सालीच इंटेलच्या पेंटियम ४ प्रोसेसरवर दाखवलं होतं. मे २०१९ मध्ये झोम्बीलोड ही इंटेल प्रोसेसरमधली अशीच त्रुटी उघड झाल्यावर तर गूगलच्या क्रोम ओएसने हायपर-थ्रेडिंग बंदच केलं. अनोळखी लोकांची व्हर्च्युअल मशीन्स (एकाच संगणकात चालणारे आभासी संगणक) जिथे शेजारी नांदतात, त्या सर्व्हरवर बंद ठेवणंच योग्य.

पण घरी? हल्लेखोराचा कोड आधी तुमच्या मशीनवर चालावा लागतो, आणि त्याला दार उघडून देतं ते जुनं ब्राउझर.

पुण्यात तपकीर गल्लीजवळ माझं दुरुस्तीचं दुकान आहे. असाच सल्ला वाचून एका काकांनी दोन कोअरच्या लॅपटॉपवर हायपर-थ्रेडिंग बंद केलं होतं. नातीचा ऑनलाइन क्लास अडकायला लागला म्हणून आले. पाहिलं तर विंडोजचे अपडेट तीन वर्षं बंद! झोम्बीलोडसारख्या त्रुटींवरचे मायक्रोकोडचे (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे) उपाय त्यातून किंवा बायोसच्या, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या, अपडेटमधून येतात हो. मी आधी ते सगळे घातले, बायोस नवा केला, मगच हायपर-थ्रेडिंग परत चालू केलं.